वारसा-ग्रंथालयाची वास्तू : रचना, बांधकाम-साहित्य आणि मूल्यमापनाचा निकष

प्रस्तावना

ग्रंथालयाच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले की तिची चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी होते. पहिले अंग दर्शनी रूपाचे : इमारत भव्य आहे काय, ती कशाचे प्रतीक आहे, शहराच्या दृश्यात ती कशी शोभते. दुसरे अंग सोयींचे : वाचकांसाठी आसने किती, मांडण्यांची लांबी किती, संगणक किती. ज्या ग्रंथालयाचे काम केवळ चालू ग्रंथांची देवघेव हे आहे, त्याच्यापुरती ही चर्चा बऱ्याच अंशी पुरेशी ठरते. परंतु जेथे हस्तलिखिते, पोथ्या, दुर्मीळ मुद्रिते व जुनी कागदपत्रे जतन केली जातात, तेथे ती अपुरी पडते. चालू ग्रंथ खराब झाला तर त्याची दुसरी प्रत मिळू शकते. एकमेव हस्तलिखित नष्ट झाले तर त्याची भरपाई कोणत्याही अंदाजपत्रकातून होत नाही.

प्रस्तुत लेखात अशा वारसा-ग्रंथालयाच्या वास्तूचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावे, या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी कोरियातील हेइन्सा विहाराचे भांडार, अमेरिकेतील येल विद्यापीठाचे बायनेकी ग्रंथालय, पॅरिसमधील फ्रान्सचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि जर्मनीतील कोलोन शहराचे अभिलेखागार ही चार उदाहरणे निवडली आहेत. यांतील पहिले मुद्रणफलकांचे भांडार आहे व शेवटचे अभिलेखागार आहे, रूढ अर्थाने ग्रंथालय नव्हे. तथापि लिखित वारसा हवा, पाणी, प्रकाश व कीड यांपासून कसा वाचवावा, हा प्रश्न चारही ठिकाणी एकच असल्याने त्यांची तुलना योग्य ठरते.

निकषाचा प्रश्न

कागद, भूर्जपत्र, ताडपत्र, चर्मपत्र व लाकूड हे सर्व सेंद्रिय पदार्थ आहेत. हवेतील आर्द्रता वाढली की ते पाणी शोषून फुगतात आणि ती कमी झाली की आकसतात. हे चक्र जितके वारंवार व जितके तीव्र, तितकी त्यांची झीज अधिक. आर्द्रता दीर्घकाळ चढी राहिल्यास बुरशी धरते व कसर लागते. प्रकाशातील अतिनील किरणांनी कागद पिवळा पडतो आणि शाई फिकट होते. तेव्हा वास्तूने करावयाचे काम नेमके आहे : बाहेरच्या हवामानातील चढउतार आत येईपर्यंत मंद करणे, प्रकाश अडवणे किंवा गाळणे, आणि पाणी दूर ठेवणे.

हे काम दोन मार्गांनी होऊ शकते. एक मार्ग जागा, दिशा, भिंत, छत व जमीन यांच्या द्वारे, म्हणजे वास्तूच्या अंगभूत गुणांनी. दुसरा यंत्रांच्या द्वारे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या मार्गावर इतका विश्वास बसला की पहिल्याचा विचार वास्तुरचनाकाराच्या इच्छेवर सोपवला गेला. हवी तशी इमारत बांधावी आणि आतले हवामान यंत्राकडून सांभाळून घ्यावे, अशी ही धारणा होती. ती आता सैल होत आहे. संग्रहालय व जतनक्षेत्रातील दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१४ मध्ये केलेल्या संयुक्त घोषणेत स्थानिक हवामानाचा विचार, सोपी तंत्रे व ऊर्जेची बचत यांवर भर दिला गेला. म्हणून ‘यंत्र बंद पडल्यावर वास्तू किती काळ व किती प्रमाणात ग्रंथ सांभाळते?’ हा प्रश्न मूल्यमापनाच्या केंद्रस्थानी आणणे आवश्यक ठरते.

हेइन्सा : जमिनीपासून छतापर्यंत एकच हेतू

दक्षिण कोरियातील गाया पर्वतावरील हेइन्सा विहारात त्रिपिटकाचे ८१,००० हून अधिक लाकडी मुद्रणफलक जतन केलेले आहेत. मंगोल आक्रमणाच्या काळात, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ते कोरले गेले आणि १३९८ मध्ये हेइन्सा येथे आणले गेले. त्यांच्यासाठीच्या भांडारगृहांचे आजचे रूप प्रामुख्याने पंधराव्या शतकातील असून १४८८ च्या सुमारास त्यांची पुनर्बांधणी झाली. १९९५ मध्ये युनेस्कोने या वास्तूंचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

दोन लांबट व दोन लहान अशा चार इमारती अंगणाभोवती मांडलेल्या आहेत. बाहेरून त्या अत्यंत साध्या आहेत. विहारातील इतर मंदिरांवर दिसणारे रंगकाम व नक्षी येथे जवळजवळ नाही. परंतु या साधेपणामागे बारकाईचा विचार आहे. जागा पर्वताच्या उतारावर अशी निवडलेली आहे की उत्तरेचा थंड वारा शिखरांनी अडतो आणि दरीतून येणारा दमट वारा थेट आत शिरत नाही. समोरच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या व वरच्या लहान आहेत. मागच्या भिंतीत हेच प्रमाण उलट आहे. त्यामुळे आत आलेली हवा एका सरळ रेषेत निघून न जाता फलकांच्या रांगांमधून फिरते. जमिनीच्या मातीत कोळसा, चुना, मीठ व वाळू मिसळलेली असून ती पावसाळ्यात जादा ओलावा शोषते व कोरड्या ऋतूत हवा अति शुष्क होऊ देत नाही. मातीची कौले व लाकडी वासे तापमानातील अचानक बदल सौम्य करतात. प्रत्येक फलकाच्या दोन्ही टोकांना जाड पट्ट्या बसवलेल्या असल्याने शेजारशेजारचे फलक एकमेकांना चिकटत नाहीत. त्यांच्यामधून हवा खेळते. वस्तू, मांडणी, खोली व जागा या चारही पातळ्यांवर एकच हेतू काम करताना दिसतो.

या वास्तूचे मूल्य विसाव्या शतकात एका प्रयोगाने अधिक स्पष्ट झाले. १९७० च्या दशकात शासनाने फलकांसाठी आधुनिक भांडार बांधले. चाचणीसाठी काही फलक तेथे हलवले असता त्यांवर बुरशी दिसू लागली, आणि स्थलांतराचा बेत सोडून द्यावा लागला. या घटनेचा ‘जुने ते सोने’ असा अर्थ काढणे मात्र घाईचे ठरेल. नवे भांडार आधुनिक होते हा त्याचा दोष नव्हता. बाहेरील हवेशी संबंध तोडलेली बंदिस्त खोली ही जिवंत वायुवीजनात शतकानुशतके राहिलेल्या लाकडासाठी योग्य आहे, हे गृहीतक तपासले गेले नव्हते. शिवाय लाकडी वास्तूला आगीचा धोका सदैव असतो. १८१७ च्या आगीत विहाराचा मोठा भाग जळाला, भांडार वाचले. १९५१ च्या युद्धकाळात एका वैमानिकाने विहारावर बाँब टाकण्याचे नाकारले म्हणून ते पुन्हा वाचले. म्हणजे हवेच्या बाबतीत ही वास्तू स्वयंपूर्ण आहे, आगीच्या बाबतीत नाही. गौरव करताना हा भेद नजरेआड होता कामा नये.

बायनेकी : साहित्य आणि यंत्र यांतील श्रमविभागणी

येल विद्यापीठाचे दुर्मीळ ग्रंथ व हस्तलिखितांचे बायनेकी ग्रंथालय १९६३ मध्ये खुले झाले. गॉर्डन बन्शाफ्ट हे त्याचे वास्तुरचनाकार. चार कोपऱ्यांतील आधारांवर उभ्या असलेल्या या पेटीसदृश इमारतीच्या दगडी भिंतींत रूढ अर्थाची एकही खिडकी नाही. ग्रॅनाइटच्या चौकटींमध्ये सुमारे सव्वा इंच जाडीचे संगमरवराचे तक्ते बसवलेले आहेत. मूळ कल्पना ऑनिक्स वापरण्याची होती. तो पुरेशा प्रमाणात न मिळाल्याने व्हरमाँटचा संगमरवर निवडला गेला. बाहेरून हे तक्ते पांढरट व निर्विकार दिसतात; आतून ऊन पडताच त्यांतून मधासारखा पिवळसर प्रकाश झिरपतो. आत मध्यभागी काचेने वेढलेला सहा मजली ग्रंथमनोरा आहे. त्यात सुमारे १,८०,००० ग्रंथांची जागा असून उर्वरित संग्रह भूमिगत भांडारांत आहे.

ही वास्तू हेइन्साप्रमाणे यंत्राविना चालत नाही. ग्रंथमनोऱ्याचे तापमान व आर्द्रता यंत्रानेच नियंत्रित होते. तरीही ती वरील निकषावर लक्षणीय ठरते, कारण येथे साहित्याला त्याचे स्वतःचे काम नेमून दिलेले आहे. प्रकाश गाळण्याचे काम दगड करतो, आणि ते काम कोणत्याही विजेच्या कळीवर अवलंबून नाही. शिवाय संपूर्ण भव्य दालनाऐवजी केवळ काचेच्या आतील आकारमानातच काटेकोर हवामान राखावे लागते. सौंदर्य व संरक्षण येथे एकाच निर्णयातून निघालेले आहेत. दगड पातळ कापल्यामुळेच तो सुंदर दिसतो आणि पातळ असला तरी दगडच असल्यामुळे तो ग्रंथांना उन्हापासून वाचवतो.

काचेच्या मनोऱ्यात ग्रंथांचे प्रदर्शन मांडण्यात मोहही आहे, हे नाकारता येत नाही. अभ्यासकाला लागणारे बरेचसे साहित्य भूमिगत असताना पाहुण्याला मात्र मनोरा म्हणजेच ग्रंथालय वाटतो. वास्तूने सारे धोके संपत नाहीत, हेही येथे दिसून आले. १९७७ मध्ये ग्रंथांत लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा प्रादुर्भाव आढळला. त्यावर ग्रंथ तीन दिवस अतिशय कमी तापमानात गोठवण्याचा उपाय यशस्वी झाला, आणि पुढे तो इतर ग्रंथालयांसाठी पथदर्शक ठरला. कीड भिंतीतून नव्हे, ग्रंथाबरोबर आत येऊ शकते. म्हणून नव्याने आलेल्या ग्रंथांची तपासणी करणारी स्वतंत्र खोली हीदेखील रचनेचाच भाग मानली पाहिजे.

पॅरिस : प्रतीकाचा भार

फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मित्तराँ यांनी १९८८ मध्ये नव्या राष्ट्रीय ग्रंथालयाची घोषणा केली. १९८९ मध्ये डॉमिनिक पेरो यांचा आराखडा निवडला गेला, १९९५ मध्ये वास्तूचे उद्घाटन झाले आणि १९९६ च्या अखेरीस ती वाचकांना खुली झाली. ७९ मीटर उंचीचे चार मनोरे उघड्या ग्रंथांसारखे चार कोपऱ्यांत उभे आहेत. मध्ये खोलगट उद्यान आहे आणि त्याभोवती, खालच्या पातळीवर, वाचनकक्ष आहेत.

या आराखड्यातील उदात्तता मान्य करावी लागेल. शहराच्या मधोमध इतकी मोकळी जागा सोडणे आणि वाचकाला झाडांच्या सान्निध्यात बसवणे ही थोर कल्पना आहे. परंतु ग्रंथ उंच काचेच्या मनोऱ्यांत आणि माणसे खालच्या तळावर, ही वाटणी जतनाच्या दृष्टीने उलटी आहे. कागदाला अंधार हवा असतो, वाचकाला उजेड. काचेतून येणाऱ्या उन्हाबद्दल अभ्यासकांनी आक्षेप घेतले. काचेच्या आत लाकडी झडपा आल्या, आणि ग्रंथभांडारांचा काही भाग मनोऱ्यांऐवजी तळभागात गेला. परिणाम असा की पारदर्शकतेसाठी निवडलेले साहित्य ज्या ठिकाणी पारदर्शक असावे तेथेच झाकावे लागले. काच प्रकाश आत घेते, झडप तो अडवते, आणि काचेमुळे आलेली उष्णता यंत्र बाहेर काढते. तीन घटक एकमेकांचे काम रद्द करण्यात गुंतलेले आहेत. बायनेकीत एकच दगड जे साधतो, ते येथे तीन थरांनी साधावे लागते.

तळभागालाही मर्यादा आहेत. ग्रंथालय सेन नदीच्या काठी आहे. जून २०१६ मध्ये नदीला पूर आला तेव्हा खबरदारी म्हणून ते बंद ठेवावे लागले. दुसरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राष्ट्रीय ग्रंथालयाचा हस्तलिखित विभाग या नव्या वास्तूत आलाच नाही. तो रिशल्यू मार्गावरील जुन्या वास्तूतच राहिला. या निर्णयामागे अनेक प्रशासकीय कारणे असतील. तरी राष्ट्राच्या स्मृतीचे प्रतीक म्हणून उभ्या केलेल्या मनोऱ्यांत त्या स्मृतीचा सर्वांत नाजूक भाग नसावा, यातून प्रतीक आणि प्रत्यक्ष जतन यांतील अंतर जाणवते.

कोलोन : भिंत खरी, जमीन पोकळ

कोलोन शहराच्या अभिलेखागाराची १९७१ मधील इमारत जतनशास्त्रात ‘कोलोन प्रारूप’ म्हणून प्रसिद्ध झाली होती. जाड विटांच्या भिंती, आतून चुन्याचा गिलावा, उंच व अरुंद फटींसारख्या खिडक्या आणि त्यांतून नियंत्रित वायुवीजन, एवढ्या साधनांवर वातानुकूलनाशिवाय स्थिर हवामान राखता येते, असे या इमारतीने दाखवून दिले. वीट व चुना ओलावा शोषतात आणि सावकाश सोडतात. जे काम हेइन्सात कोळसामिश्रित माती करते, ते येथे भिंतीने केले. जर्मनीतील अनेक अभिलेखागारांनी हे प्रारूप स्वीकारले.

३ मार्च २००९ रोजी ही इमारत कोसळली. कारण तिच्या भिंतींत नव्हते, शेजारी चाललेल्या भुयारी रेल्वेच्या बांधकामात होते. लगतच्या घरांतील दोघांचा मृत्यू झाला, आणि सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या मांडण्यांवरील दस्तऐवज ढिगाऱ्यात गाडले गेले. पुढे त्यांतील बहुतांश बाहेर काढले गेले. परंतु अनेक भिजलेले, फाटलेले व विस्कळीत होते आणि त्यांच्या दुरुस्तीचे काम दशकांचे आहे. नवी इमारत २०२१ मध्ये खुली झाली.

या उदाहरणाने वर मांडलेला निकष खोटा ठरत नाही, पण त्याची व्याप्ती वाढते. वास्तूच्या अंगभूत गुणांत जमिनीचाही समावेश करावा लागतो, आणि जमीन ही एकदाच तपासून विसरण्याची गोष्ट नाही. इमारतीच्या आयुष्यभर परिसरात काय खोदले जात आहे, पाणी कोठे वळवले जात आहे, यावर लक्ष ठेवणारी व्यवस्था नसेल तर उत्तम साहित्यही निरुपयोगी ठरते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

मराठी परंपरेत जतनाची स्वतःची साधने होती. पोथीची सुटी पाने दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून वर कापडाचे बासन बांधले जाई. दप्तरातील मोडी कागद रुमालात बांधून ठेवले जात. कीड दूर ठेवण्यासाठी वेखंडाचा वापर होई. फळी पानांना वाकू देत नाही, घट्ट बांधणीमुळे हवेतील बदल पानांपर्यंत उशिरा पोहोचतो, आणि कापडातून ओलावा कोंडत नाही. हे लहान प्रमाणावरील वास्तुशास्त्रच होय. ‘बासनात गुंडाळून ठेवणे’ या वाक्प्रयोगाचा आजचा अर्थ दुर्लक्ष करणे असा झाला आहे; मूळ कृती मात्र काळजीची होती. तंजावरच्या मराठा राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या (कारकीर्द १७९८–१८३२) आस्थेने वाढलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तर ताडपत्रे व कागद दोन्ही आहेत. ताडपत्र अति कोरड्या हवेत ठिसूळ होते, कागद अति दमट हवेत कुजतो. ‘आदर्श आर्द्रता’ हा एकच आकडा सर्व संग्रहांना लावता येत नाही, हे अशा मिश्र संग्रहांतून विशेषत्वाने दिसते.

आज राज्यात ग्रंथालयांच्या नव्या इमारती बांधताना या समजुतीचा मागमूस क्वचितच आढळतो. निविदेत लिहिलेले साहित्य बहुधा कार्यालयाचे असते : सिमेंटचा गिलावा, सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, गुळगुळीत फरशी, प्लायवूडचे खोटे छत. सिमेंटचा कठीण गिलावा ओलावा शोषून घेण्यास जवळजवळ असमर्थ असतो. जुन्या दगडी वा विटांच्या भिंतीवर तो चढवला तर भिंतीतील ओल आतच कोंडते. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो. खोट्या छतावरील पोकळीत गळती व वाळवी महिनोन्महिने लक्षात येत नाही. कपाटे बाहेरच्या भिंतीला टेकवलेली असतात, म्हणजे सर्वांत दमट पृष्ठभागाशी ग्रंथांची पाठ लावली जाते. वातानुकूलन असलेच तर ते कार्यालयीन वेळेपुरते असते. दिवसा थंड व कोरडी, रात्री उबदार व दमट, अशी रोजची आंदोलने ग्रंथांना यंत्र नसण्यापेक्षाही अधिक हानिकारक ठरू शकतात.

जागेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ व २०२१ या दोन्ही वर्षांच्या जुलैतील पुरांत सापडले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाच्या ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. ही दोन्ही ग्रंथालये एकोणिसाव्या शतकातील आहेत आणि ती गावाच्या मध्यवस्तीत, लोकांच्या पायवाटेवर उभी राहिली, हे त्यांच्या लोकाभिमुखतेचेच लक्षण होते. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे नियम मांडताना उपयोगाला अग्रस्थान दिले. त्या दृष्टीने ग्रंथालय वस्तीपासून दूर टेकडीवर नेणे हा उपाय नव्हे. उपाय रचनेतच शोधावा लागतो. तळमजल्यावर वृत्तपत्र वाचनकक्ष व देवघेव, पूररेषेच्या वर दुर्मीळ संग्रह. आणि तोही थेट गच्चीखाली नव्हे, तर मधल्या मजल्यावर. यासाठी मोठा निधी लागत नाही. खोल्यांचा क्रम ठरवताना संग्रहाची आठवण ठेवावी लागते.

मूल्यमापनाचे चार प्रश्न

वरील विवेचनातून वारसा-ग्रंथालयाच्या वास्तूला विचारावयाचे चार प्रश्न निष्पन्न होतात. पहिला, ही वास्तू कोणत्या वस्तूसाठी आहे : कागद, ताडपत्र, चर्मपत्र की लाकूड? दुसरा, जागा, जमीन, भिंत, छत व खिडकी यांपैकी प्रत्येक घटक जतनाचे कोणते काम यंत्राविना करतो? तिसरा, एखादे साहित्य दुसऱ्याने केलेले नुकसान भरून काढण्यासाठी वापरले गेले आहे काय? चौथा, ज्या धोक्यावर वास्तूकडे उत्तर नाही, त्यासाठी माणसांची कोणती व्यवस्था नेमलेली आहे? हेइन्सा पहिल्या दोन प्रश्नांना उत्तम उत्तर देते. आगीच्या बाबतीत चौथ्यावर अवलंबून राहते. बायनेकी दुसऱ्या प्रश्नाला अंशतः पण प्रामाणिक उत्तर देते. पॅरिस तिसऱ्या प्रश्नावर अडखळते. कोलोन चौथ्याकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत दाखवते.

निष्कर्ष

यंत्राला विरोध हा या विवेचनाचा हेतू नाही. कोकणातील चार महिन्यांच्या पावसात केवळ वायुवीजनावर विसंबणे धोक्याचे आहे. बाहेरची हवाच दमट असताना खिडकी उघडल्याने आतील हवा कोरडी होत नाही. हेइन्साची खिडकी जशीच्या तशी रत्नागिरीत आणता येणार नाही. तिथला विचार मात्र आणता येईल. तो विचार असा की आधी वस्तू समजून घ्यावी, मग त्या जागेची हवा वर्षभर मोजावी, मग भिंत ठरवावी, आणि भिंतीला जे झेपत नाही तेवढेच यंत्राकडे सोपवावे.

प्रत्यक्षात हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. आराखडा मंजूर होतो, दर्शनी भाग निश्चित होतो, आणि दुर्मीळ ग्रंथांची खोली उरलेल्या कोपऱ्यात बसवली जाते. महाविद्यालये व सार्वजनिक ग्रंथालये यांच्या इमारत समित्यांत ग्रंथपालाला प्रारंभापासून स्थान असावे, आणि आराखड्यापूर्वी त्या जागेच्या तापमान-आर्द्रतेची किमान एका वर्षाची नोंद समितीसमोर ठेवली जावी. आर्द्रतामापकाची किंमत कोनशिलेच्या समारंभाहून कमी असते. समितीपुढे त्या नोंदीचा कागद असेल, तर वास्तुरचनाकाराला सुंदर इमारत बांधण्यापासून कोणी रोखणार नाही. मात्र त्या सौंदर्यात पोथ्यांचा वाटा किती, हे विचारण्याचा अधिकार समितीला प्राप्त होईल.